६ फूट २ इंच उंचीला गिअर आणि ब्रेकचं पेडल कसं बसवायचं

अमळनेरच्या एका भावाने विचारलं आहे. उंची ६ फूट २ इंच, पायात ११ नंबरचे सेफ्टी शूज, धुळ्याला अवधान एमआयडीसीत कामाला. रोज जाऊन-येऊन सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर होतात. गाडी दीडशे सीसीची, मागे डिस्क ब्रेक, गिअर पेडलला रॉडची जोडणी. तक्रारी तीन. वरचा गिअर टाकताना बूट पेडलखाली शिरत नाही. ब्रेक मारायचा तर अख्खा पाय फुटरेस्टवरून उचलावा लागतो. आणि घरी पोचेपर्यंत गुडघे आखडतात, डावा घोटा रात्रभर ठणकतो. गावातला कारागीर म्हणतो, "पेडलं कंपनीतून अशीच येतात. फुटरेस्ट कापून दोन इंच खाली वेल्डिंग करून देतो, सगळं सुटेल." ते करू का, असा प्रश्न आहे.

भाऊ, वेल्डिंग करू नका. आणि "पेडलं अशीच येतात" हेही खरं नाही. दोन्ही पेडलं वर-खाली करायची सोय कंपनीनेच दिलेली असते. पण ती कुठे आहे आणि ती फिरवल्यावर दुसरं काय काय बिघडू शकतं, हे समजून घेतल्याशिवाय पाना लावू नये. मी धुळ्यात सव्वीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दुखणं नीट वेगळं करू. तुम्ही तीन तक्रारी एकत्र सांगितल्या, पण त्या दोन वेगळ्या गोष्टींच्या आहेत. बूट अडकणं, पाय उचलावा लागणं, घोटा ठणकणं ही पेडलांची तक्रार. गुडघा आखडणं ही सीट आणि फुटरेस्टमधल्या अंतराची तक्रार. पेडल कितीही वर-खाली केलं तरी गुडघ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. उलट सीट दीड इंच वर घेतली की गुडघा सुटतो, पण बूट अडकायचा तो अडकतोच. आमच्याकडे येणारे लोक "गुडघा भयान दुखस भो" म्हणत येतात आणि गिअर पेडलाकडे बोट दाखवतात. मग पेडल हलवून दिलं तरी आठ दिवसांनी तेच गाऱ्हाणं घेऊन परत येतात.

कंपनीच्या माहितीपत्रकात सीटची उंची जमिनीपासून छापलेली असते. स्प्लेंडरची ७८५ मिलिमीटर, क्लासिक ३५० ची ८०५. हा आकडा पाय टेकवण्यासाठी आहे, म्हणजे बेताच्या उंचीच्या माणसाला कामाचा. उंच माणसाला लागतं ते सीट ते फुटरेस्ट हे अंतर, आणि ते कुठेच छापलेलं नसतं. टेप घेऊन आपलं आपण मोजायचं. सीटवर तुम्ही जिथे खरोखर बसता तिथून फुटरेस्टच्या रबरापर्यंत. बसल्यावर फोम दबतो, तेव्हा कुणाला तरी बसवून मोजा. दोन गाड्यांची जमिनीपासूनची सीट सारखी असली तरी या अंतरात दोन-तीन इंचांचा फरक सापडतो, आणि सगळा आराम त्या दोन-तीन इंचांत असतो.

आता काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो, कारण तुमची गाडी मी पाहिलेली नाही. एक, गाडी कधी पडली आहे का? डाव्या अंगावर उभ्या-उभ्या जरी आडवी झाली असेल तरी गिअर पेडल आत दबतं आणि फुटरेस्ट मागे वळतो. मग तुम्ही वाकलेल्या पेडलाला ॲडजस्ट करत बसाल. सरळ मागे उभं राहून दोन्ही फुटरेस्ट एका रेषेत आहेत का ते आधी बघा. दोन, ६ फूट २ इंच सगळ्यांचे सारखे नसतात. कुणाचं धड लांब, कुणाचे पाय लांब. तीन, बूट. सेफ्टी शूजच्या नाकात पोलादी वाटी असते, साध्या बुटापेक्षा पुढचा भाग चांगलाच उंच होतो. घरी चप्पल घालून पेडल बसवलं आणि कामावर बूट घालून निघालात तर केलेलं सगळं फुकट. ज्या बुटात रोज चालवता तेच घालून बसा.

माझ्याकडे असा उंच माणूस आला की मी पाना हातात घेत नाही. गाडी मेन स्टँडवर लावतो, त्याला बसवतो आणि सांगतो, डोळे मिटा आणि पाय जसे पडतील तसे फुटरेस्टवर पडू द्या. मग बाजूने बघतो. उंच माणसाचा गुडघा पुढे आणि वर येतो, त्यामुळे नडगी पुढे कलते. नडगी अशी कललेली असताना पाऊल आडवं ठेवायचं म्हटलं तर घोटा आधीच बराच दुमडलेला असतो. त्याच्यावर पाऊल आणखी उचलायला जागाच उरत नाही. म्हणून ब्रेक पेडल तळव्याच्या रेषेच्या वर असलं की त्याला घोट्यातून पाऊल उचलता येत नाही, अख्खा पाय उचलावा लागतो. कमी उंचीच्या माणसाला तेच पेडल नीट वाटतं, कारण त्याच्या घोट्यात अजून वाव असतो. तुमची ब्रेकची तक्रार हीच आहे. तुमची सवय चुकीची नाही, पेडल तुमच्या पायासाठी उंच आहे.

मोबाइलवर बाजूने एक फोटो काढून घ्या. आपण कसे बसतो ते बसल्या जागेवरून कळत नाही, फोटोत लगेच दिसतं.

कामाचा क्रम माझा ठरलेला आहे: आधी सीट, मग फुटरेस्ट (शक्यतो त्याला हात लावायचाच नाही), मग ब्रेक, आणि शेवटी गिअर. कारण असं की सीट बदलली की पायाचा कोन बदलतो, आणि पायाचा कोन बदलला की दोन्ही पेडलांची जागा बदलते. उलट क्रमाने केलं तर सगळं दोनदा करावं लागतं.

सीटला खर्च करण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. घरातली गोधडी घ्या, घट्ट घडी घालून साधारण दीड इंच जाडी करा आणि सीटवर दोरीने किंवा जुन्या ट्यूबच्या पट्टीने सरकणार नाही अशी आवळून बांधा. दोन-तीन दिवस जवळपासच्या जवळपास चालवा. गुडघ्याला फरक वाटला तर सीटवाल्याकडे जाऊन तेवढा फोम वाढवून घ्या. साधा मऊ फोम महिन्याभरात बसतो, मग उंची गेली आणि पैसेही गेले. रिबॉन्ड (तुकडे दाबून बनवलेला) फोम मागा, तो कडक असतो आणि आकार धरतो. उंची फक्त बसायच्या जागी वाढवायला सांगा, सीटचं टाकीकडचं नाक रुंद करायचं नाही. नाक रुंद झालं की मांड्या फाकतात आणि वाढवलेल्या उंचीचा निम्मा फायदा जातो. पुष्कळ सीटांना चालकाच्या मागे एक उंचवटा असतो, त्याने उंच माणूस टाकीकडे ढकलला जातो. तो दीड-दोन इंच मागे नेला तरी गुडघे टाकीपासून सुटतात. कित्येकांना तेवढंच पुरतं.

सीट वर गेली की हँडल आपोआप खाली गेल्यासारखं वाटतं आणि पाठ वाकते. हँडल क्लॅम्पमध्ये किंचित मागे फिरवता येतं. फिरवल्यावर दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल आणि ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, हँडल टाकीला लागत नाही ना. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून वळवलं आणि इंजिनचा आवाज चढला तर केबल ओढली जातेय असं समजा.

आता त्या वेल्डिंगबद्दल. फुटरेस्ट दोन इंच खाली घेतला तर गुडघा सुटेल हे खरं आहे. पण फुटरेस्ट हा तुमच्या पावलाचा आधार आहे, त्याच्यावर टेकूनच पाऊल वर-खाली होतं. आधार दोन इंच खाली गेला म्हणजे ब्रेक आणि गिअर दोन्ही तुमच्या पायाच्या हिशोबाने दोन इंच वर गेले. म्हणजे ब्रेकची जी तक्रार घेऊन तुम्ही आलात ती दुप्पट झाली, आणि गिअरचं पेडल गरजेपेक्षा फार वर गेलं. आणि तेवढं खाली आणायला कंपनीच्या ॲडजस्टमेंटमध्ये जागा नसते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. पुष्कळ गाड्यांचा कंपनीचा फुटरेस्ट जमिनीला लागला तर वर-मागे दुमडतो, त्यासाठीच तो पिनेवर बसवलेला असतो. पारोळ्याकडचा एक फौजी सुट्टीवर आला होता, सव्वासहा फुटांचा गडी. त्याने कुठेतरी फुटरेस्ट खाली वेल्ड करून घेतला होता आणि वेल्डिंग करताना ती पीनही जाम झाली होती. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना डाव्या वळणावर फुटरेस्टचं टोक रस्त्याला लागलं. दुमडायला जागाच नव्हती, त्यामुळे त्याने गाडीच उचलली, मागचं चाक सुटलं आणि गडी आडवा. सुदैवाने समोरून काही आलं नाही, कोपर आणि मांडी सोलून निघाली एवढ्यावर भागलं. गाडी माझ्याकडे आली तेव्हा त्या फुटरेस्टचं टोक पेन्सिल छिलल्यासारखं तिरपं घासून चमकत होतं. म्हणजे त्या दिवसाआधीही ते कितीतरी वळणांवर घासत होतं, त्याच्या लक्षात आलं नव्हतं. घाट तुमच्या रोजच्या वाटेवर नसेल, पण शेतरस्त्याची चाकोरी तर आहे. पावसाळ्यात आपली काळी माती फुटरेस्टच्या सांध्यात अशी भरते की चांगला फुटरेस्टसुद्धा दुमडेनासा होतो. खाली घेतलेला तर चाकोरीच्या कडेला आपटणारच.

शिवाय पुष्कळ गाड्यांचं फुटरेस्टचं ब्रॅकेट ॲल्युमिनियमचं ओतीव असतं. त्याला रस्त्याकडेच्या वेल्डिंगचा भरवसा नाही. उभं राहून खड्डा पार करताना तुमचं सगळं वजन त्याच्यावर येतं. लोखंडी पाइपचा फुटरेस्ट असेल आणि तो वाकला असेल तरी गॅसने तापवून सरळ करण्यापेक्षा नवा पाइप बसवा, तो चार बोल्टांवर निघतो. पेडलं वर-खाली करणं कायद्याने काही अडचणीचं नाही, ती कंपनीची ॲडजस्टमेंट आहे. फ्रेमवर काप-जोड करणं मात्र निराळं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ नोंदीशी न जुळणाऱ्या बदलांबद्दलच आहे.

आता ब्रेक पेडल. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे चूक झाली तर ती लगेच दिसत नाही, वीस किलोमीटरनंतर दिसते.

बहुतेक गाड्यांना ब्रेक पेडलच्या मुळाशी एक छोटा बोल्ट आणि त्यावर चेकनट (बोल्ट जागेवर पक्का धरणारा नट) असतो. पेडल वर येऊन त्या बोल्टला टेकतं आणि थांबतं. बोल्ट फिरवला की पेडलची विश्रांतीची जागा वर किंवा खाली होते. मागे ड्रम असेल तर काम सोपं आहे. चेकनट सैल करा, बोल्ट फिरवून पेडल हवं तेवढं खाली घ्या, चेकनट आवळा. पण पेडल खाली आलं म्हणजे ब्रेक थोडा दाबल्यासारखाच झाला, प्ले (ब्रेक लागण्याआधी पेडल मोकळं हलतं ते अंतर) कमी झाला. म्हणून मागच्या चाकाजवळच्या रॉडचा नट सैल करून प्ले परत द्यायचा. पेडलच्या टोकाशी साधारण २० ते ३० मिलिमीटर मोकळं हललं पाहिजे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, तो प्रमाण माना. चाक हाताने फिरवून बघा, लायनर घासल्याचा आवाज येता कामा नये.

तुमच्या गाडीला मागे डिस्क आहे, तिथे गोष्ट वेगळी. पेडलच्या मागच्या हाताला एक रॉड जोडलेला असतो आणि तो मास्टर सिलिंडरच्या (ब्रेकचं ऑइल चाकाकडे ढकलणाऱ्या नळकांड्याच्या) पिस्टनला ढकलतो. पेडल सोडलं की पिस्टन पूर्ण मागे यायला हवा. तो पूर्ण मागे आला की सिलिंडरमधलं एक बारीक छिद्र उघडं होतं आणि पाइपमधलं ऑइल डबीकडे मोकळं होतं. आता तुम्ही फक्त टेकणाचा बोल्ट फिरवून पेडल खाली घेतलं आणि रॉडची लांबी तशीच ठेवली तर काय होतं? रॉड पिस्टनला कायम जरासा ढकललेला ठेवतो. छिद्र बंदच राहतं. गाडी उभी असताना सगळं ठीक दिसतं, चाक फिरतं, ब्रेक उलट जास्तच चांगला लागतो. रस्त्याला लागलात, चार-दोनदा ब्रेक मारला, ऑइल तापलं, फुगलं, त्याला परत जायला वाट नाही. मग ब्रेक आपोआप लागायला लागतो. लागला की आणखी तापतो, तापला की आणखी लागतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मागे डिस्क असलेल्या गाड्या आपल्याकडे नव्यानेच येत होत्या तेव्हाची गोष्ट. साक्रीकडचे एक गुरुजी, चांगले उंच, ब्रेक पेडल खाली करून द्या म्हणाले. ड्रमची सवय हाताला बसलेली, मी टेकणाचा बोल्ट फिरवला, चेकनट आवळला, दहा मिनिटांत गाडी दिली. एप्रिलचा महिना होता, दुपारची वेळ. तासाभराने त्यांचा फोन आला, गाडी पुढे ढकलली जात नाही आणि मागून जळका वास येतोय. मी जाऊन बघितलं तर डिस्क निळसर पडली होती. मागचा कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा भाग) थंड व्हायला अर्धा तास बसावं लागलं. गुरुजी शांतपणे झाडाखाली बसून होते, मला एक शब्द बोलले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. डिस्क आणि पॅड माझ्या खर्चाने बदलून दिले. त्या दिवसापासून डिस्कच्या गाडीचं पेडल खाली घेताना मी आधी रॉड आखूड करतो, मगच टेकणाच्या बोल्टला हात लावतो.

करायचं असं. रॉड जिथे पेडलच्या हाताला यू आकाराच्या तुकड्याने जोडला आहे तिथे एक चेकनट दिसेल. तो सैल करा. रॉड फिरवून आखूड करा, पेडल खाली येऊ लागेल. एका वेळी अर्धा फेरा, जास्त नाही. हवी ती जागा आली की टेकणाचा बोल्ट पेडलपर्यंत आणा. मग दोन बोटांनी रॉड हलवून बघा. तो पिस्टनवर जराही दाब न देता किंचित खुळखुळला पाहिजे. तो खुळखुळ असेल तरच चेकनट आवळा. रॉडचे आटे त्या यू तुकड्यात पुरेसे अडकलेले हवेत. माझा नियम असा की रॉड जितका जाड, निदान तेवढी लांबी आट्यात असावी. काही गाड्यांना टेकणाचा बोल्टच नसतो, रॉडच्या लांबीवरच पेडलची उंची ठरते. तिथे काम आणखी सोपं, पण खुळखुळ तपासणं तिथेही चुकवू नका.

किती खाली घ्यायचं? फुटरेस्टवर पाऊल सैल ठेवलं असताना पेडलचा माथा तळव्याच्या रेषेच्या एका बोटाच्या जाडीइतका खाली यावा. त्यापेक्षा खाली नको, नाहीतर पूर्ण दाबताना पाऊल खाली पोचता पोचता पेडल सायलेन्सरला किंवा इंजिनच्या कव्हरला टेकेल आणि ब्रेक अर्धाच लागेल. गाडी उभी असताना पेडल जोराने पूर्ण दाबून हे बघून घ्या.

पेडल हललं की ब्रेक लाइटचा स्विच चुकतो, हे लोक हमखास विसरतात. पेडल खाली आलं की स्विचची स्प्रिंग ताणलेली राहते आणि लाल दिवा कायम पेटलेला राहतो. हायवेला रात्री मागचा ट्रकवाला काय समजणार? तुमचा दिवा सतत लाल, मग तुम्ही खरा ब्रेक मारलात तरी त्याला कळणार नाही. स्विचच्या अंगावर एक प्लास्टिकचा नट असतो. स्विच धरून ठेवायचा आणि नट फिरवायचा. स्विचच फिरवलात तर आतल्या वायरी पिळून तुटतात. स्विच थोडा खाली आणा. पेडलचा मोकळा प्ले संपता संपता दिवा लागला पाहिजे.

एक सूचना १२५ सीसीपर्यंतच्या गाडीवाल्यांसाठी, तुमच्यासाठी नाही. एप्रिल २०१९ पासून त्या वर्गातल्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) नाहीतर सीबीएस आहे, आणि बहुतेकांना सीबीएस. म्हणजे मागचं पेडल दाबलं की पुढचाही ब्रेक थोडा लागतो. तिथे पेडलशी आणखी एक केबल जोडलेली असते. पेडलची जागा बदलली की तिचाही प्ले बदलतो. हे काम त्या गाडीच्या पुस्तकाप्रमाणे, जाणकाराकडूनच करा.

आता गिअर. तुमच्या गाडीला पेडल आणि गिअर शाफ्टच्या मध्ये रॉड आहे, ही चांगली गोष्ट, कारण त्यात बारीक बारीक फरक करता येतो. रॉडच्या दोन्ही टोकांना चेकनट असतात, बहुधा दहाचा पाना लागतो. एका टोकाचे आटे उलटे असतात, म्हणूनच रॉड फिरवला की दोन्ही टोकं एकदम जवळ किंवा लांब जातात. त्या उलट्या आट्याचा चेकनट सैल करायला पाना उलट्या दिशेने फिरवायचा असतो. हे माहीत नसल्याने लोक जोर लावतात, नट आणखी आवळत जातो आणि शेवटी त्याचे कोपरे जातात. आधी आटे नीट बघा, थोडं ऑइल टाका. दोन्ही नट सैल झाल्यावर रॉड बोटांनी फिरतो. कोणत्या बाजूला फिरवलं की पेडल वर येतं हे गाडीगणिक वेगळं असतं, फिरवून बघा. सुरुवात करण्याआधी मूळ जागेवर नेलपॉलिशची खूण करा. परत यायची वेळ आली तर शोधावं लागत नाही.

तुम्हाला पेडल वर हवं आहे, म्हणजे सेफ्टी शूजचं नाक खाली शिरेल. पण अति वर नेलं तर खालचा गिअर टाकताना पाऊल उचलून वरून दाबावं लागेल, आणि तुमच्या घोट्याला वर जायला वाव कमी आहे हे आपण आधीच पाहिलं. म्हणून पावलाच्या सैल अवस्थेत बुटाचं नाक पेडलच्या रबराखाली जेमतेम शिरेल एवढंच वर घ्या. सीट दीड इंच वर गेली असेल तर तुमचा घोटा आधीच थोडा मोकळा झालेला असेल आणि पेडल कमी हलवावं लागेल. क्रमाचं महत्त्व ते हेच.

रॉडने पुरत नसेल तर शाफ्टवरचा हात (शाफ्टच्या दात्यांवर बसवलेला, रॉड जोडलेला तुकडा) एक दाता फिरवता येतो. त्याचा बोल्ट फक्त सैल करून भागत नाही, पूर्ण काढावा लागतो, कारण तो शाफ्टच्या खाचेतून गेलेला असतो. बोल्ट काढल्यावरही निघत नसेल तर फटीत सपाट स्क्रू ड्रायव्हर घालून किंचित फाकवा, ऑइल मारून रात्रभर ठेवा. हातोडा मारू नका. शाफ्टचं दुसरं टोक इंजिनच्या आत आहे, तो मार तिथे पोचतो आणि ऑइल सीलही गळायला लागतं. परत बसवताना बोल्ट बेताने आवळा. जोरात आवळला तर आटे जातात. सैल राहिला तर दाते घासून हात शाफ्टवर गरागरा फिरायला लागतो. अशा वेळी पुष्कळ जण तो हात शाफ्टलाच वेल्ड करून टाकतात. पुढे चेन स्प्रॉकेटचं कव्हर काढायची वेळ आली की तो हात कापल्याशिवाय गाडी उघडत नाही. दुसऱ्याचं असं काम मला वर्षातून दोन-चारदा निस्तरावं लागतं.

ज्यांच्या गाडीला रॉड नाही, पेडल थेट शाफ्टवर आहे, जसं स्प्लेंडरसारख्या टाच-पंजाच्या पेडलचं असतं, त्यांना फक्त हा दात्याचा मार्ग आहे. तिथे एक दाता फिरवला की टोकाशी चांगलाच फरक पडतो, मधलं काही मिळत नाही. पंजाकडचं टोक वर गेलं की टाचेकडचं खाली जातं, हे लक्षात ठेवून दोन्ही बघा. मोठ्या पायाच्या माणसाला टाचेचं टोक पायाला मागून ठोकत असेल तर ते कापू नका. पेडल काढून हातात घेऊन स्पेअर पार्टच्या दुकानात जा आणि तेच दाते बसणारं, लांबीला वेगळं पेडल शोधा. शाफ्टवर हाताने सरकून घट्ट बसलं तरच घ्या. "ठोकून बसेल" म्हणाला तर परत द्या.

तुमच्या ११ नंबरच्या पायाला लांबीचाही प्रश्न असू शकतो. बुटाचं नाक पेडलच्या पुढे निघून जातं आणि रबर बोटांच्या मागे, पावलाच्या चढावर बसतं. मग गिअर उचलताना बोटांऐवजी सगळा घोटा ओढला जातो. तुमचा डावा घोटा रात्री ठणकतो त्यामागे मला हेच वाटतंय. बुटावर कुठे घासलं आहे ते बघा. काळा डाग बोटांवर नसून लेसच्या सुरुवातीला असेल तर पेडल तुम्हाला आखूड आहे. तोपर्यंत फुटरेस्टवर पाऊल थोडं मागे घेऊन, पंजाच्या चवड्याजवळ टेकवून चालवून बघा, काही दिवसांत फरक कळेल. पेडल आणि बूट दोन्ही ठीक करूनही दुखणं राहिलं तर मग डॉक्टरांना दाखवा, ते मेकॅनिकचं काम नव्हे.

गिअर बसवून झाला की मागचं चाक मेन स्टँडवर हवेत ठेवून, इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवत सगळे गिअर चढवा आणि उतरवा. प्रत्येक वेळी पेडल पूर्ण वर आणि पूर्ण खाली गेलं पाहिजे, मध्ये स्टँडला, कव्हरला किंवा लेग गार्डला लागता कामा नये. पूर्ण जात नसेल तर गिअर अर्धवट बसतो आणि ओव्हरटेक करताना सुटतो.

सगळं झाल्यावर पहिल्याच दिवशी अवधानपर्यंत जाऊ नका. गावात चार-पाच किलोमीटर फिरा, थोडा वेळ मागचा ब्रेक मुळीच न लावता चालवा आणि गाडी उभी करून डिस्कवर बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब टाका. हात लावू नका. चुर्र आवाज करून थेंब उडाले तर ब्रेक घासतोय, रॉडचा खुळखुळ परत तपासा. थेंब ओघळून खाली आले तर ठीक. दोन-तीन दिवसांनी सगळे चेकनट एकदा पान्याने चाचपून घ्या, नव्याने आवळलेला नट सुरुवातीला सैल पडू शकतो.

आणि कामावरून परतताना माझ्याकडे यायचं झालं तर सेफ्टी शूज घालूनच या, आणि गोधडीचा प्रयोग आधी करून या. गोधडीची घडी किती जाड केली होती तेवढं सांगितलंत तरी निम्मं काम तिथेच होईल.